नवं घर, सात गुंठे कातळ आणि पहिली बाग : आधी काय लावावं?

सड्यावरची | १२ मे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

एप्रिलच्या शेवटी आम्ही डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा सोडून लांजा तालुक्यात राहायला आलो. घरात पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई (वय ७६), नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा. नवऱ्याची नोकरी लांज्यातच आहे, मी घरून हिशेबाची कामं करते. घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी, मागे न्हाणी. जागा सात गुंठे, त्यातलं घर सोडून साधारण साडेपाच उरतात. आयुष्यभर खिडकीच्या जाळीत चार कुंड्या ठेवलेल्या माणसाला हे म्हणजे राज्य मिळाल्यासारखं वाटतं.

अडचण अशी की जमीन सडा आहे. घरापुढे कुदळ मारली की ठण्ण आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मागच्या कोपऱ्यात मात्र दोनेक फूट माती आहे, तिथे एक जुना बरका फणस उभा आहे. विहीर ३८ फूट खोल, आत्ता तळाशी चार फूट पाणी.

नवऱ्याला हापूसची दहा कलमं लावायची आहेत, आणि तीही याच पावसात. लेकीला "माझ्या एकटीचं झाड" हवं आहे. घर बांधून देणाऱ्यांनी पुढे हिरवळ करा म्हणून सुचवलं. सासूबाई काहीच मागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त काळजी आहे. त्यांचं माहेर राजापूरकडचं. लग्न होऊन मुंबईला गेल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. मला वाटलं होतं, परत कोकणात आल्या की खुलतील. पण डोंबिवलीचं भजनी मंडळ, समोरच्या दारातल्या मैत्रिणी सगळं सुटलं. दुपारभर पडवीत बसून असतात, विचारलं की म्हणतात, "बरं आहे हो सगळं."

तर आधी काय लावू? या पावसाच्या आत काय काय करून घ्यायला हवं? बारीकसारीक सगळं सांगा, मला यातलं खरंच काही येत नाही.

मृद्गंध | १२ मे

नव्या घराच्या मनापासून शुभेच्छा! चिऱ्याचं घर आणि पडवी... किती छान.

माझं एकच म्हणणं : पहिलं वर्ष मोठं झाड लावू नका. एक अख्खा पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा जागा बघा. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकला की घराची सावली कुठपर्यंत जाते, वारा कुठल्या अंगाने झोडपतो, हे एक वर्ष राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही घाईने लावलेली दोन चिकूची झाडं चौथ्या वर्षी तोडावी लागली, कारण बरोबर पागोळ्यांखाली आली होती आणि मुळं कुजली. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड तोडणं फार वाईट असतं.

मालवणी_खाजा | १२ मे

गो बाय, आधी बावीत पाणी बघ, मगे झाडां लाय.

आगरातला | १३ मे

मालवणी_खाजा यांचं म्हणणं एका ओळीत सगळं सांगून गेलं. मे महिन्यात विहिरीला चार फूट पाणी म्हणजे घरच्या पाच माणसांना पुरेल, दहा कलमांना पुरणार नाही. जांभा स्पंजासारखा असतो. पाऊस पितो खूप आणि सोडूनही पटकन देतो. म्हणून आमच्याकडे जुलैत विहिरी काठोकाठ आणि एप्रिलात तळ दिसतो. नव्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतंच. दिवाळीनंतरचे सात महिने कोण घालणार, किती घालणार, हे आधी ठरवा.

छपराचा हिशेब करून बघा. छप्पर आडव्या मापाने १०० चौरस मीटर धरलं आणि रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वरच पडतो, तर वर्षाला तीन लाख लिटर पाणी तुमच्या कौलांवरून वाहून जातं. सगळं साठवता येणार नाही, पण पन्हळ लावून गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला एका चरात सोडलं तरी फरक पडतो. पन्हळीचं काम मात्र आत्ताच, मेमध्ये करून घ्या. एकदा मृग लागला की कामाला माणूस मिळत नाही, सगळे लावणीच्या मागे असतात.

चिऱ्याचं_घर | १३ मे

बाग बाजूला ठेवा, आधी मोजणी झाली आहे का? हद्दीचे दगड दाखवून घ्या. गडगा म्हणजे दगडांचं कुंपण घालून, कडेला झाडं लावून मग तीन फूट शेजाऱ्याच्या जागेत निघालं की झाडापेक्षा माणूस जातो. आमच्या वाडीत दोन घरं एका सागाच्या झाडावरून वीस वर्षं बोलत नाहीत. मोजणी झाल्यावर शेजाऱ्यांना बोलवून, त्यांच्या समोर खुणा करा. चहा पाजा. नव्या ठिकाणी ओळख व्हायला याच्याइतकं चांगलं निमित्त नाही.

आणि नारळ घरापासून निदान वीस-पंचवीस फुटांवर. कौलावर एक झावळ पडली की काय होतं ते मी दरवर्षी बघतो.

वैदर्भी | १३ मे

आमच्याकडे काळी माती, तिकडे खडक. वाचूनच नवल वाटतंय. सड्यावर झाड लागतंच कसं?

कातळफूल | १३ मे

@वैदर्भी, लागतं. रत्नागिरी, देवगडच्या कितीतरी हापूस बागा कातळावरच आहेत. पूर्वी पहारीने खड्डे मारायचे, कुठे सुरुंग लावायचे, आता यंत्र आणतात. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात बाहेरून आणलेली माती, चांगलं कुजलेलं शेणखत, पालापाचोळा. वरचा थर फुटला की खाली बऱ्याचदा मऊ लागतं आणि मुळं भेगा शोधत जातात. कष्टाचं काम आहे, पण होतं.

@सड्यावरची, कळकळीची विनंती आहे. यंत्र लावून सगळा सडा सपाट करू नका. दोन कारणं. एक म्हणजे कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत, २०२२ साली ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही गेली. तुमच्या सात गुंठ्यांत असेलच असं नाही, पण खरवडण्याआधी स्वच्छ झाडून, सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा बघून घ्या. दुसरं म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात या उघड्या कातळावर सीतेची आसवं फुलतात, जांभळी-निळी, बोटाच्या पेराएवढी. मुलांना ती बघायला मिळू देत. एक तुकडा तसाच ठेवा. तीही बागच आहे.

बागकाम_नवशिका | १३ मे

हिरवळीचं काय? मला तर घरापुढे हिरवळ फार आवडते.

आगरातला | १३ मे

एप्रिल-मेमध्ये रोज पाणी मागणारं गवत, तेही कातळावर? त्यापेक्षा पुढे शेणाने सारवलेलं अंगण करा. पोरं खेळतील, आमसुलं आणि कुळीथ वाळत घालता येतील.

तात्या_गुहागर | १४ मे

मृद्गंध, तुमचं "एक वर्ष थांबा" मला पटत नाही. माफ करा, स्पष्ट बोलतो. मी ६८ वर्षांचा आहे. झाडाच्या बाबतीत गेलेलं वर्ष परत मिळत नाही. आंब्याच्या कलमाचा पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडायचाच असतो, म्हणजे आज लावलं तर पाचव्या वर्षी तोंडात आंब्याची फोड. उंच जातीचा नारळ सहा-सात वर्षं घेतो. सासूबाई ७६ च्या आहेत. त्यांना थांबा म्हणायचं?

आता हापूसचं. साडेपाच गुंठ्यांत दहा हापूस म्हणजे जंगल. जुन्या पद्धतीने दोन झाडांत दहा मीटर लागतात, तशी तीन-चार बसली तरी पुष्कळ. घरच्यासाठी दोन पुरे. एक हापूस लावा, आणि एक रत्ना. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, वर फळात साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा खराब भाग, निघतो. रत्नाला साका नाही आणि तो त्या मानाने नेमाने धरतो. मुलांच्या हातात दरवर्षी आंबा पडला पाहिजे हो.

लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहू दे. जोडाची प्लास्टिकची पट्टी आठवणीने काढा. जोडाच्या खालून फूट आली तर लगेच खुडा, नाहीतर हापूस मरतो, खालचा रायवळ वाढतो आणि माणूस दहा वर्षं हापूसची वाट बघत बसतो.

कोकम लावणार असाल तर कलमच घ्या. रोपात साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला पाच-सहा वर्षं जातात.

मृद्गंध | १४ मे

तात्या, माफी कसली. वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो एकदम आत लागला. मग असं म्हणते : मोठी झाडं मोजकी आणि हद्दीच्या कडेला, जिथे चुकण्याची शक्यता कमी. बाकीची जागा पहिल्या वर्षी भाज्यांची. पडवळ चुकीच्या जागी लागला तरी दिवाळीला काढून टाकता येतो.

रानमोडी | १४ मे

सगळे झाडांचं बोलताहेत, वानरांचं कोणीच बोलत नाही.

आमच्याकडे काळतोंडे वानर आणि लाल तोंडाची केलटी दोन्ही येतात. पेरू, पपई, शेवगा, कोवळे नारळ, काही ठेवत नाहीत. दोन वर्षं मी रडले आहे अक्षरशः. आता जे ते खात नाहीत तेच जास्त लावते. हळद, आलं, सुरण, अळू, काळी मिरी. गुहागरजवळच्या आबलोलीची एसके-४ हळद लावून बघा, कंद चांगला पोसतो. मिरीचा वेल त्या फणसावर चढवा, पन्नियूर-१ चं रोप कुठल्याही रोपवाटिकेत मिळेल. जिवंत फणस आहे म्हणजे आधार फुकट आणि सावलीही हवी तशी.

पडवीतला_पाहुणा | १४ मे

आमच्या वाडीत वानर येतात ते बरोबर वेळ साधून. सगळे आरतीला गेले की. नैवेद्य देवाला आणि पपई त्यांना.

रानमोडी | १४ मे

अगदी खरं! :)

जर्सीतली_काकू | १५ मे

वाचून डोळे भरून आले. इथे न्यू जर्सीत माझा कढीपत्ता ऑक्टोबर ते मे घरात खिडकीशी असतो. बर्फाआधी आत, थंडी गेली की बाहेर. अकरा वर्षं असंच चाललंय. तुम्ही जमिनीत लावाल आणि तो पुरुषभर उंच होईल. माझ्यातर्फे एक कढीपत्ता लावा.

सासूबाईंबद्दल : माझ्या आईला इथे आणलं तेव्हा तीही अशीच गप्प झाली होती. मी तिला सारखं "तू आराम कर" म्हणायचे. चुकलं माझं. एक दिवस मेथी निवडायला दिली आणि ती तासभर बोलत राहिली. त्यांना "काय लावू?" असं विचारू नका. "हे कसं करायचं?" असं विचारा.

सड्यावरची | १६ मे

काकू, तुमचा शेवटचा परिच्छेद मी चार वेळा वाचला.

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला तात्यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दहावरून तो तीन कलमांवर आला आहे. पन्हळीचं काम परवा सुरू होतंय. मोजणी खरेदीच्या वेळी झाली होती, दगड शोधायचे आहेत. सडा काल मुलांसह झाडून काढला. कातळशिल्प नाही, पण एका खळग्यात पावसाळ्यात पाणी साठत असावं असं दिसतं. तो तुकडा तसाच ठेवणार.

एक भीती विचारायची राहिली. साप. धाकटा अनवाणी धावतो.

कातळफूल | १६ मे

भीती योग्य आहे, आणि त्यावर उपायही साधे आहेत. रत्नागिरी म्हणजे फुरशांचा मुलूख. लहानसं असतं, दगडाखाली बसतं, चिऱ्याच्या रंगात मिसळून जातं. डिवचलं की अंगाची वेटोळी घासून खरखर आवाज करतं. दगड, लाकूड, कौलांची चवड हाताने उचलायची नाही, आधी काठीने हलवायची. रात्री विजेरी आणि चपला घेतल्याशिवाय मागच्या न्हाणीपर्यंतसुद्धा नाही. पाचोळ्याचं आच्छादन झाडाच्या आळ्यात घाला, पायवाटेवर नाही. घराभोवती चार-पाच फूट पट्टा स्वच्छ ठेवा. उंदीर कमी तर साप कमी, म्हणून धान्य झाकून.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन, किंवा सरळ जिथे प्रतिसर्पविष आहे त्या सरकारी दवाखान्यात. ते सगळ्यात जवळ कुठे मिळतं हे आजच विचारून ठेवा आणि नंबर पडवीत लिहून लावा.

आणि धामण दिसली तर मारू नका. ती तुमची उंदीर पकडणारी राखणदार आहे.

चिऱ्याचं_घर | १७ मे

पाचोळ्यावरून आठवलं. शेजारी मार्च-एप्रिलात पाला जाळताना दिसतील. तुम्ही जाळू नका. मागून आणा. फणसाचा, आंब्याचा, काजूचा, सगळा. तुमच्या कातळावर माती तयार होणार ती यातूनच. फक्त खोडाला टेकवून ढीग करू नका, वाळवी चढते. आणि शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, ओल्या शेणात मुळं खाणारी हुमणी अळी असते.

आगरातला | १७ मे

त्यात भर : खताचा खड्डा नारळाजवळ नको. गेंड्या भुंगा त्याच खड्ड्यात वाढतो आणि नारळाचा कोंब पोखरतो.

कुंपणाला गिरिपुष्पाच्या काठ्या पावसाच्या तोंडावर खोचा. काठीच फुटते. दोन वर्षांत हिरवी भिंत होते आणि तिचा पाला म्हणजे चांगलं नत्राचं खत. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, तेव्हा कुंपण नसलं तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू. हे विचारायचंसुद्धा नाही, लावायचंच.

बागकाम_नवशिका | १७ मे

जीवामृत वगैरे द्यावं का?

तात्या_गुहागर | १७ मे

द्या ना. घरच्यापुरतं वीस लिटर पाण्यात किलोभर ताजं देशी शेण, लिटरभर गोमूत्र, पाव-पाव किलोच्या आत गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पण त्याने माती होत नाही हे लक्षात ठेवा. आधी पाचोळा, मग हे.

सड्यावरची | २१ जून

पाऊस आला. पहिल्याच रात्री पडवीत झोपलो होतो, सगळ्यांची गादी भिजली, पण उठावंसं कुणालाच वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. काकूंनी सांगितलं तसं केलं. न्हाणीच्या मागे मोठ्या पानांचं काहीतरी आपोआप उगवलं होतं. मी एक पान तोडून सासूबाईंकडे नेलं आणि विचारलं, "आई, हे अळू आहे ना? वडी करू?" त्यांनी पान हातातून घेतलं, उलटं केलं, देठाकडे बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "अगो, हे तेरं. घसा धरेल सगळ्यांचा. ठेव ते, हात धू आधी." आणि उठल्या. पदर खोचला, काठी घेतली आणि माझ्यापुढे चालत न्हाणीच्या मागे गेल्या. आम्ही इथे आल्यापासून त्या मागच्या दाराबाहेर पहिल्यांदाच गेल्या.

तिथून पुढे पाऊण तास. हे तेरं, हा टाकळा, कोवळा आहे तोवर भाजी कर. ही भारंगी. हे काढ, हे राहू दे. लेक मागून वहीत लिहीत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या वहिनींकडून काळ्या देठाचं वडीचं अळू आणि हिरव्या देठाचं भाजीचं, दोन्ही कंद मागून आणवले. आणायला नातीला पाठवलं. ती येताना कंद, एक तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, बियाणं आणि एक मैत्रीण घेऊन आली. शेजारचीच, तिच्याच वर्गात जाणार आहे. पंधरा दिवस शाळेच्या नावाने रडणारी माझी मुलगी आता सकाळी गडग्यावरून हाका मारते.

मृद्गंध | २१ जून

हे वाचून दिवस चांगला झाला. मोठ्या झाडांचं काय ठरलं?

सड्यावरची | २२ जून

एक हापूस, एक रत्ना आणि एक कोकम कलम, तिन्ही मागच्या हद्दीला. एक खड्डा मारायला दोन माणसांना दीड दिवस लागला. नारळ दोन, बाणवली म्हणजे उंच जातीचे, एकमेकांपासून पंचवीस फुटांवर. कढीपत्ता एक, जर्सीतल्या काकूंच्या नावाचा.

आणि सासूबाईंनी अखेर स्वतःहून काहीतरी मागितलं. सोनचाफा. कलमी, म्हणजे लवकर फुलेल. म्हणाल्या, "डोंबिवलीला एक फूल पाच रुपयाला घ्यायचे भजनाच्या दिवशी." पडवीतून दिसेल असा लावला आहे. मृद्गंध, तिथे पागोळ्या पडत नाहीत हे चार दिवस पावसात उभं राहून बघितलं, मगच खड्डा मारला.

मालवणी_खाजा | २२ जून

लय बरां केलंस बाय.

सड्यावरची | ९ ऑगस्ट

मदत हवी आहे. भेंडी आणि पालेभाजी एका रात्रीत गायब. सकाळी गडग्यावर मुठीएवढ्या गोगलगायी होत्या, चाळीसेक. लेकीच्या चिबडाच्या (खरबुजासारखं फळ) वेलाची कोवळी टोकंही खाल्ली आहेत. तो तिच्या एकटीचा वेल आहे. ती आज जेवलीच नाही.

रानमोडी | ९ ऑगस्ट

शंखी गोगलगाय. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याशेजारी पसरा. रात्री सगळ्या त्याखाली जमतात. पहाटे चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीत सांडू नका. आठवडाभर नेमाने करा. गडग्याच्या फटीत पांढरी, वाटाण्याहून लहान अंडी असतील, तीही काढा. मुलांनी उघड्या हाताने धरू नये.

आणि लेकीला सांगा, वेलाचं टोक खाल्लं की बगलेतून नवे फुटवे येतात. मुळाला पाणी साचू देऊ नका.

आगरातला | ९ ऑगस्ट

+१. वाफ्याभोवती राखेचा पट्टा घालतात, पण आपल्याकडच्या पावसात राख टिकत नाही. गोणपाटच खरं.

सड्यावरची | १८ ऑक्टोबर

धागा वर काढते आहे, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे थोडंफार आहे, आणि पुढचा कुणी नवा येईल त्याला उपयोगी पडेल.

कातळावर पहिल्या वर्षी जे जमलं : अळू दोन्ही, हळद, तवसं, पडवळ, दोडकी. पडवळाच्या टोकाला दगड बांधायचं काम धाकट्याचं होतं. तो रोज दगड बदलायचा. जे जमलं नाही : भेंडी, मिरची. टोमॅटो तर लाल व्हायच्या आधीच वानरांनी नेले. कोकमाचं कलम जगलं. रत्नाला नवी पालवी आहे. हापूस ऑगस्टच्या वाऱ्यात जोडाशी मोडला. नवरा दोन दिवस गप्प होता. काठीचा आधार आम्ही एकाच बाजूला दिला होता, दोन काठ्या आणि सैल आठाची गाठ हवी होती हे शेजारच्या काकांनी नंतर दाखवलं. पुढच्या जूनला पुन्हा लावू. विहीर या वर्षी गणपतीनंतरही काठापासून तीन हातांवर होती. पन्हळीच्या पाण्याने किती फरक पडला ते मेमध्ये कळेल.

राखून ठेवलेल्या खळग्याभोवती सप्टेंबरात निळी फुलं आली. कातळफूल, तुमचे आभार मानायला मुलांनी सांगितलं आहे.

लेकीच्या वेलाला, ज्याची टोकं गोगलगायींनी खाल्ली होती, त्याला पाच चिबडं धरली. गणपतीत पहिलं पिकलं. देठापाशी आपोआप तडकलं, घरभर वास. सासूबाईंनी ते चिरलं, गूळ घालून देवापुढे ठेवलं. गणपतीच्या वर माटी, म्हणजे रानफळं-फुलांची चौकट, बांधायला कांगणी आणि कवंडळं ही रानफळं लेक आणि तिची मैत्रीण रानातून घेऊन आल्या. कुठली कुठे मिळतात हे आजीने पडवीत बसून सांगितलं होतं. गौरीच्या दिवशी वाडीतल्या बायका आल्या, आणि भजन म्हणताना आईंनी वरच्या पट्टीत सूर लावला तेव्हा त्या मागे वळून बघायला लागल्या. आता दर शनिवारी आमच्या पडवीत भजन असतं.

सोनचाफ्याला अजून फूल नाही. रोज सकाळी दात घासत त्या त्याच्यापाशी उभ्या असतात.

तात्या_गुहागर | १८ ऑक्टोबर

हापूसचं वाईट वाटलं. पण आता वाली पेरा. भाताच्या शेतात पेरतात तशी, ओल आहे तोवर. लाल माठ आणि मुळाही. थंडीत जमिनीचा एक वाफा रिकामा ठेवू नका.

जर्सीतली_काकू | १८ ऑक्टोबर

माझा कढीपत्ता काल आत आणला. तुमच्याकडचा कसा आहे?

सड्यावरची | १८ ऑक्टोबर

माझ्या कमरेपर्यंत आला आहे, काकू. वाडीतून दोन घरं फोडणीच्या वेळी येऊन टाळे घेऊन जातात.

बागकाम_नवशिका | १९ ऑक्टोबर

चिबडाचं बी मिळेल का हो थोडं? मी कुडाळला नवीन राहायला आले आहे, मलाही पुढच्या पावसात लावायचं आहे.

सड्यावरची | १९ ऑक्टोबर

मिळेल. सासूबाईंनी राखेत घोळून, कागदावर सुकवून, काचेच्या बरणीत भरलं आहे. पण वेल लेकीचा असल्यामुळे तिची परवानगी घ्यावी लागली. ती म्हणते दहा बिया देईन, त्यांनी पत्ता निरोपातून कळवावा, आणि पहिलं फूल आलं की सांगायचं.